पाचव्या वस्तीची पाळी

कोण? अध्यक्ष कोण म्हणालात? — परत सांगा बरं, खाली मोंढ्यात हमालांचा गलका चाललाय, नीट ऐकू आलं न्हाय. — हिंमतराव. आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन हिंमतराव. अच्छा. म्हणजे मी पुण्यात तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या परिषदेत उभं ऱ्हायचं, 'दुष्काळी भागात प्रोग्रॅमिंग कसं शिकवलं' ह्यावर भाषण करायचं, आन् शेवटी हिंमतरावांनी स्वतःच्या हातानं माझ्या क्लासला मशीन भेट द्यायचं, आन् मी ते वाकून घ्यायचं. फोटो निघणार. असंच ना? — बसा, बसा, उठू नका. मी ओरडत न्हाय. माझा आवाजच असा हाय, आमी उमरग्याकडची माणसं, कानडी मुलखाच्या काठावर वाढलेली, साधं बोललो तरी लोकांना भांडल्यासारखं वाटतं. — न्हाय, आज भांडतेच हाय मी. पाणी घ्या. घ्या की, टँकरचं हाय पण गाळून ठेवलंय.

मशीन कुठं म्हणून बघताय व्हय? मघापासून नजर फिरतीया तुमची. न्हाय मशीन. ही फरशी आन् हा खडू, एवढाच क्लास. हे चौकोन दिसतात का — हा 'ए', हा 'बी', तो खिडकीजवळचा 'एन'. एकेका चौकोनात एकेक जण बसतो, हातात चिंचोके, जेवढे चिंचोके तेवढी त्याची किंमत. एक जण प्रोग्रॅमच्या ओळी वाचतो, बाकीच्यांनी सांगितलं तसं करायचं — वीस नंबरच्या ओळीला जा म्हणलं की उठून जायचं. नवीन पोरापोरींनी पहिल्याच आठवड्यात काय केलं, विसाच्या ओळीवरनं चाळीसला, चाळिसावरनं परत विसाला, आन् थांबायचं कधी हे कुणी लिहिलंच न्हाय! पळतायत आपले गोल गोल. खालनं कल्याणप्पामामांनी — आडत दुकान त्यांचं, ही खोली बी त्यांचीच, माझ्या आईचे भाऊ — काठीनं छत ठोकलं, "शिवम्मा, वर म्हशी सोडल्यास काय गं?" — हसलात ना? हसा. मागच्या साली तुमच्या परिषदेत हेच सांगितलं तवा सगळं सभागृह हसलं होतं. तवा कारखान्यातच शिकवायला होते मी, त्यांचं मशीन होतं हाताशी, पण लाइट असंल तेवढाच वेळ, म्हणून बाकीचं फरशीवर. टाळ्या काय पडल्या! बरं वाटलं मला. टाळ्या पडल्या की बरं वाटतंच, खोटं कशाला बोलू.

पण तुमी माझं भाषण ऐकायला न्हाय बोलवत साहेब, तुमाला जाईचा प्रोग्रॅम पाहिजे. जाई म्हणजे जाईबाई, आमच्या कोंडिबाची पोरगी, कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायच्या कामाला होता कोंडिबा, येरमाळ्याच्या अल्याडचं गाव त्यांचं. बौद्ध वस्तीतली. गरीब गाय वगैरे समजू नका हां — लई भांडकुदळ. मी फळ्यावर चुकले तर सगळ्यांसमोर टाळी वाजवणार. 'पण का?' हा एकच शब्द येतो तिला. असं का, तसं का, विसानंतर तीसच का, पंचवीस का न्हाय. डोकं उठवती. — तर कारखान्याचे टँकर गावागावांत पाणी घालायचे, दुष्काळ आजचा हाय का, हे सत्त्याऐंशी साल उजाडलं तरी आडांत खडखडाट. जाईच्या गावात पाच वस्त्या, पाच हौद. टँकर यायचा तो वरच्या आळीपासनं सुरू व्हायचा, आन् पाचव्या हौदाला, म्हणजे जाईच्या वस्तीला, तळातला गाळ. रोज. आन् कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत? तिथं चपला काढून जायचं, देवळात जावं तसं, आन् कूलर! कूलरची टाकी आधी भरायची, मग टँकर गावात. मशीन तापलं न्हाय पाहिजे. माणसं तापली तर तापू देत.

जाईनं विचारलं, "बाई, पाळी मशीननं लावली तर?" म्हणलं, लिही. तिनं लिहिला. साधा हाय हो, तुमच्या त्या मोठ्या लोकांनी उगाच डोक्यावर घेतला — आज ज्याला पहिल्यांदा पाणी, त्यानं उद्या शेवटी उभं ऱ्हायचं, बाकीच्यांनी एकेक पुढं सरकायचं. बस. हिंमतराव खूश! पाहुणा आला की कूलरच्या खोलीत नेऊन दाखवायचे, आमच्याकडं पाण्याची पाळी कॉम्प्युटर लावतो. मग पाचव्या वस्तीचा नंबर पहिला आला. येणारच होता की, पाळी म्हणल्यावर फिरणारच! भरलेला टँकर पाटलाच्या दारावरनं सरळ खाली गेला. पुतळाबाई म्हणून म्हातारी हाय वस्तीत, तिनं हौदात नितळ पाणी बघितलं आन् घागर बुडवायचीच विसरली. बघतच बसली. मी होते तिथं.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडं पुण्याला आले, मागच्या सालच्या त्या भाषणाला. काय काय विचारलंत तुमी लोकांनी — मशीन कुठल्या कंपनीचं, मेमरी किती, हाच प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत आटोपशीर झाला नसता का. एकानं तरी विचारलं का, पाणी पोचतं का म्हणून? न्हाय विचारलं. मी बी न्हाय सांगितलं, हार गळ्यात होता माझ्या. आन् परत आले तर दारात कोंडिबा उभा. डोक्याचा पटका काढून हातात घेतलेला. म्हणला, "बाई, म्या कारखान्यात विचारलं, आमचा नंबर परत शेवटालाच का गेला. तर म्हणतेत, कॉम्प्युटरनंच नंबर काढलाय. बाई, तुमचं मशीन आमच्यावर कशामुळं नाराज झालं?"

काय सांगू मी त्याला? सांगा ना तुमी, तुमी परिषदा भरवता. आधी पाटील होता, ड्रायव्हर होता, त्यांच्याशी भांडता तरी येत होतं. आता मशीन म्हणल्यावर कुणाच्या अंगावर जाणार तो?

जाईनं शोधलं. खोलीत येऊ देत नव्हते तिला, उंबऱ्यातच उभं राहून छापलेला प्रोग्रॅम वाचला तिनं. एक ओळ नवीन होती — वस्तीचा नंबर पाच असंल तर शेवटाला जा. एवढंच. 'जर' आन् 'तर'. नेटकं काम, कुठं अडकत न्हाय, मशीन चूक दाखवत न्हाय. मशीन कशाला दाखवंल? मशीनच्या लेखी ती चूकच न्हाय! आन् लिहिली कुणी? महारुद्रनं. माझ्या पहिल्या तुकडीतला, आमच्याच गल्लीतल्या नीलम्माचा मुलगा, कारखान्यानं मशीनवर नोकरीला घेतलेला. माझा लाडका, हां. हातात हात धरून मी त्याला 'जर' शिकवला, ह्याच चिंचोक्यांनी शिकवला. त्याला विचारलं, अरे, का केलंस? तर मान वर न करता म्हणतो, "चेअरमनसाहेबांनी सांगितलं. बाई, तुमीच सांगितलं होतं, ज्याचं काम हाय त्याला पाहिजे तसं करून द्यायचं." — व्हय, सांगितलं होतं! सगळेच मास्तर सांगतात. तुमच्या त्या परिषदेत बी फळ्यावर तेच लिहिलेलं असतं, फक्त इंग्रजीत! पोरांना 'जर' शिकवायला एक महिना लागत न्हाय हो साहेब. पण 'जर'च्या पुढं काय लिहायचं न्हाय, ते मी शिकवलं न्हाय, तुमी शिकवलं न्हाय, आन् त्याला कुठल्या पुस्तकात धडा बी न्हाय.

जाईनं मात्र त्याला विचारलंबिचारलं न्हाय. खोलीबाहेर त्याच्याच चपला काढलेल्या होत्या ना — त्यातली एक उचलली आन् हाणली. दोनदा. मी आडवी गेले न्हाय. दुसऱ्या दिवशी कोंडिबाला कामावरनं कमी केलं, आन् मी राजीनामा — म्हणजे मी देणारच होते — मला सांगितलं उद्यापासनं येऊ नका. काढलं म्हणा. काढलं मला. मामांना अजून वाटतं मी सोडली नोकरी, तुमी खाली जाताना काही बोलू नका.

आन् आता तुमी येता. ऐनवेळी म्हणता, बाई, पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम सांगा, पाचव्या वस्तीचा तेवढा मामला सोडून द्या, अध्यक्षच बसलेत समोर, वाद नको. — त्या कोपऱ्यात बघा. बघा तिकडं! बोर्ड बसवून घेतलाय मी, वायर ओढून घेतलीय. टेबल मामांच्या दुकानातलं, पाय हलत होता तो ठोकून घेतला. तुमचं पहिलं पत्र आलं, मशीन देणार म्हणून, त्याच दिवशी. रोज पुसते मी ते टेबल, येड्यासारखी, त्यावर काही नसताना. पाहिजे हो मला मशीन! ह्या पोरांनी किती दिवस एकमेकांचे चिंचोके मोजायचे? फरशीवर बसून कुणाला नोकरी लागती? मी न्हाय म्हणले तर मशीन न्हाय, व्हय म्हणले तर... अय्यो, काय माणसं हायत तुमी.

— काय? मी न्हाय आले तर कोण बोलंल? महारुद्र? जाईच्या प्रोग्रॅमवर महारुद्र बोलणार? — अच्छा. ठरलेलंच हाय म्हणजे. मग ऐका. मी येत न्हाय, जाईला न्या. प्रोग्रॅम तिचा, ती बोलंल. — का? दहावी नापास हाय म्हणून? स्टेजवर कसं बोलायचं कळत न्हाय म्हणून? का कळतं म्हणून? — तोंड का वळवलंत? सरळ सांगा ना.

थांबा. जिन्यावर पाय वाजले, येरमाळ्याची गाडी आलेली दिसती. — जाई, ये वर. आत ये, लाजू नकोस, बस तिथं. हे साहेब पुण्याहून आलेत, तुझ्या प्रोग्रॅमसाठी आलेत. — हां साहेब. मला जे सांगितलंत ते आता तिला सांगा. पाण्याची पाळी सांगायची, पाचव्या वस्तीचं सांगायचं न्हाय. न्हाय, खाली बघून न्हाय, तिथं नुसते खडूचे चौकोन हायत. तिच्याकडं बघून सांगा. ती विचारंल, 'पण का?' — तेवढ्याचं उत्तर द्या, मी उद्या पुण्याला येते. हिंमतरावांच्या हातनं बी घेते.

बोला की. मघापासनं मी एकटीच बोलतीया.

बोला साहेब.