बाबांच्या नावाने उघडलेली स्क्रीन

मी, खाली सही करणारी, वय २९ वर्षे, व्यवसाय मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या माडीवरची खोली, आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, गॅरेज माझ्या वडिलांचे आहे. मी तेथे अकरा वर्षे काम करते.

गाडी तपासायचे सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर आहे. त्यात वडिलांचे नाव वेगळे, माझे वेगळे. ज्याच्या नावाने उघडावे त्याची स्क्रीन समोर येते: अक्षरांचा आकार, रंग, आणि काम जिथे थांबवले होते ते पान. मागच्या गाडीचे आकडेही तसेच राहतात, पण जुने कळावेत म्हणून फिकट दिसतात. वायर जोडून 'पुन्हा वाचा' दाबले की नवे, ठळक आकडे येतात.

वडिलांना मोतीबिंदू होता. फिकट अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी आपल्या नावापुरते सगळेच आकडे ठळक करून घेतले होते. हे मला माहीत होते.

सोमवारी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी गॅरेजात एकटीच होते. शटरच्या फटीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ तरंगत होती. त्यांची खुर्ची रिकामी बघवेना. मी त्यांच्या नावाने लॅपटॉप उघडला. एवढाली अक्षरे, पिवळसर पान, सगळे त्यांनी सोडले होते तसेच. बाबा चहाला गेलेत, आता येऊन "सरक गं" म्हणतील, असे वाटले. किती वेळ बसला होतात, असे अंमलदारांनी विचारले. ते सांगता येत नाही. मला फार बरे वाटत होते.

शाळेतल्या बाईंची गाडी समोर होती. मी वायर जोडली. 'पुन्हा वाचा' दाबले नाही. स्क्रीनवर ब्रेकचे आकडे ठळक आणि ठणठणीत होते, मी ते याच गाडीचे धरले. ते शनिवारी वडिलांनी तपासलेल्या टॅक्सीचे होते. मी बाईंची गाडी पास केली. कागदावर तपासणाऱ्याचे नाव वडिलांचे छापून आले. त्याच दुपारी उतारावर ब्रेक लागला नाही, गाडी भिंतीवर गेली, बाईंचा उजवा हात मोडला.

काल वडिलांनी येथे येऊन चूक आपलीच असल्याचे लिहून दिले. घरी मी म्हणाले, "बाबा, तुमच्या डोळ्यावर पट्टी होती." ते म्हणाले, "एकाच डोळ्यावर होती. नाव माझं, स्क्रीन माझी, तू कशाला मधे मधे करतेस? मी पिकलं पान. तुला अजून गॅरेज चालवायचंय."

त्यांचे म्हणणे खरे नाही. ते मंगळवारी दिवसभर माडीवर पडून होते. मायेपोटी बोलले, त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

बाईंना मी काल दवाखान्यात भेटले. त्यांनी मलाच विचारले, "बाबांचे डोळे कसे आहेत गं?" त्यांना खरे अजून सांगितलेले नाही. येथून तिकडेच जाणार आहे.

हा जबाब मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. कोणी द्यायला लावलेला नाही. वडिलांनी देऊ नको म्हणून हात धरला होता, तो सोडवून आले आहे.