माहेरची रजा

फिल्डवर्क कसं शिकवता, असं कोणी विचारलं की मी म्हसावदच्या कुंभार मावशींकडे बोट दाखवतो.

आमच्या डिझाइन कॉलेजने नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावरची तारीख काढली. आखाजीला खान्देशात घरोघरी पितरांसाठी नवी घागर लागते, म्हणजे मावशींना मान वर करायला फुरसत नाही. आणि मी चार मुली घेऊन दारात! ऋचाने रेकॉर्डर पुढे धरून विचारलं, "मावशी, तुमच्या कामामागची प्रेरणा काय?"

"आखाजी. परवा शे. आधी ह्या घागरी उचलू लागा, मंग इचारा."

झालं! मुली भट्टीतून घागरी काढायला लागल्या, टिचकी मारून तडा ओळखायला लागल्या, बाजारात मावशींशेजारी बसून गिऱ्हाइकांशी भांडायलाही लागल्या. मी वर्गात वर्षभर घसा कोरडा केला असता, तरी हे जमलं नसतं.

निघताना ऋचा म्हणाली, "मावशी, खूप त्रास दिला."

"तरास कसाना? आखाजीले लेकी माहेरले येतस. माले एक बी लेक नही, औंदा चार उन्यात. आते दरसाल या."

ऋचा आता पुण्यात नोकरी करते. परवा तिचा फोन आला. आखाजीला माहेरी जायचंय म्हणून तिने रजा मागितली, तर साहेब चक्रावले, "अगं, तुझं लग्न कधी झालं?"

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लग्नाचं अजून काही नाही. माहेर आधी मिळालंय."