बोर्डावरची गोगलगाय

मालतीबाई : ...नाही, आत्ताच विचार तुझ्या पोरीले, वाल्मिक. माझ्यासमोर विचार. भवानीच्या माळेले हात लावायची हिंमत झालीच कशी तिची? घट बसाले चार दिवस राह्यले, आन् कवड्या बघ. सासूनं मले दिल्या तेव्हा काचेसारख्या होत्या. आता बोट फिरव, विटकरीवरून फिरवल्यासारखं वाटतं.

वाल्मिक : माय, मी आत्ता मिलमधून येतोय. कापड रंगवायच्या जेट मशीनची वाफ अजून अंगातून गेली नाही. चहा तर घेऊ दे.

मालतीबाई : चहा घे, कान इकडं ठेव. समुद्राचं शिकाले म्हणून जामनगरले धाडली नात, तर तिथल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. ओट्यावर बाटली, मोरीत बाटली. त्यातल्याच कशात तरी बुडवली असंल माळ. आन् यंदा घटाले मी ती तिच्याच गळ्यात घालणार होती. का, तर घरात खरं बोलणारी ती एकच, असं मले वाटायचं.

धनश्री : मोठी माय, मी माळेला हातसुद्धा लावला नाही.

मालतीबाई : मग काय उंदरानं घासली?

धनश्री : बघू दे जरा. वरची चकाकी पूर्ण गेलीय. कशात भिजली होती?

मालतीबाई : कशात भिजंल? देवाच्या भांड्यांसोबतच होती. समई, ताम्हण, घंटी आन् माळ. दरसाल नुसती फडक्यानं पुसते. औंदा म्हटलं, देवीचीच हाये, तिलेबी नीट न्हाऊ घालू. रातभर राहू दिली.

धनश्री : चिंचेच्या पाण्यात?

मालतीबाई : पितळ काय दुधात घासतात?

धनश्री : पितळ नाही, कवडी म्हणतेय मी. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर. चुन्याच्याच जातीचं. आंबट लागलं की ते विरघळतं.

वाल्मिक : खरंय, माय. शेठच्या ऑफिसात संगमरवरावर ॲसिड सांडलं होतं एकदा. खड्डा पडलाय, तो अजून तसाच आहे.

(मालतीबाई माळ घेऊन खिडकीशी जातात. एकेक कवडी नखानं चाचपत राहतात.)

मालतीबाई : म्हणजे मीच.

वाल्मिक : जाऊ दे. बाजारातून नव्या कवड्या आणून ओवतो. कोणाला कळायचंही नाही.

मालतीबाई : का नाही कळायचं? पोरीले बोल लावताना मी हळू बोलली का? सकाळीच शेजारच्या इंदुबाईले सांगून आली मी, नातीनं माळ नासवली म्हणून. आता परत जाईन आन् सांगीन, नातीनं नाही, माझ्या हातानं नासली. ...धना, त्या तुझ्या बाटल्यांतबी हीच भानगड हाये ना? समुद्रात चिंच कोण टाकतं?

धनश्री : चिंच नाही, धूर. कोळसा जळतो, डिझेल जळतं, त्याचा जो वायू हवेत जातो त्यातला बराचसा समुद्र पितो. सोड्याच्या बाटलीत भरतात तोच वायू. पाणी काही चिंचेसारखं आंबट होत नाही. थोडंसंच बदलतं.

मालतीबाई : मग थोडंसंच बदलतं तर एवढं मनाले लावून घेतेस कशाले?

वाल्मिक : थोडंसं म्हणू नको, माय. रंगाचं पाणी किती आंबट ते आम्ही कागदाची पट्टी बुडवून बघतो. पट्टीचा रंग इतकासा हलला तरी अख्खा लॉट बाद होतो.

धनश्री : तसंच. शंख बांधायला जो माल लागतो, तोच पाण्यातून कमी होत जातो. किनाऱ्याजवळ उथळ समुद्राच्या तळाशी गवत असतं बघ, चांगली कुरणंच्या कुरणं. कोळंबीची पिल्लं, बारके मासे, तांदळाएवढ्या गोगलगायी, सगळं त्यातच वाढतं. आम्ही टाक्यांमध्ये ते गवत लावलं. एका टाकीत आजचं पाणी, दुसरीत वायू सोडलेलं, पुढं पन्नास-साठ वर्षांनी होईल तसं. तर त्या दुसऱ्या टाकीत गवत दाट आलं. वायू त्याचं खाणंच आहे.

मालतीबाई : मग बरंच झालं की.

धनश्री : गोगलगायींचे शंख पातळ झाले. पिल्लं चिमटीत उचलायला गेलं तर फुटायची. माझ्या बोटात फुटलीत, मोठी माय. आणि त्याच गोगलगायी पानांवरचं शेवाळ चाटून काढतात. त्या गेल्या की पानं शेवाळाखाली जातात, ऊन मिळत नाही. आज दाट दिसतं तेच गवत उद्या गुदमरायचं.

मालतीबाई : वरून हिरवंगार, आन् आत लेकरांची घरं विरघळून राह्यली. त्या गोगलगायीनं कधी चूल पेटवली होती का? मोटार चालवली होती? चाळीस वर्षं मी या उधन्यातल्या मिलांच्या धुराच्या चिमण्या बघते. गच्चीवर पापड घातले का काजळी बसते. मी आपली बोंबलत होती, माझे पापड काळे झाले, माझे पापड काळे झाले. मले काय माहीत, तो धूर पार समुद्राच्या तळाशी जाऊन कोणाचं घर खातो ते. कोणी सांगितलंच नाही. तू तरी कोणाले सांगितलंस का हे?

वाल्मिक : सांगतेय ना. सोमवारी मिलच्या गेटवर बोर्ड लागणार आहे तिचा. परदेशी व्यापारी येणारेत, ते मिलच्या धुराचं विचारतात. शेठनं स्वतः धनाला काम दिलं, आणि एक तारखेपासून मिलच्या लॅबमध्ये नोकरी. दाखव गं आजीला, ते गुंडाळून ठेवलंय ते.

मालतीबाई : पसर इथं. गुजराती हाये वाटतं. मी तर मराठीबी दुसरीपर्यंतच शिकली. तू वाच.

धनश्री : ‘समुद्रातली कुरणं बहरत आहेत. कार्बन हे त्यांचं अन्न आहे.’

मालतीबाई : चित्र झ्याक हाये. गोगलगाय कुठं हाये?

धनश्री : ...काढून टाकली.

मालतीबाई : कोणी काढून टाकली?

धनश्री : शेठ म्हणाले, पाहुण्यांसमोर मरतुकडं काही नको. जागाही कमी होती. पण लिहिलंय ते खोटं नाही, मोठी माय. गवत खरंच वाढलं.

मालतीबाई : दाराशी साड्यांचे गठ्ठे यायचे, धागे कापता कापता मी म्हातारी झाली. साडी कशी बघायची, माहीत हाये ना तुले? उलटी करून. सुलटी तर दलालबी दाखवतो.

वाल्मिक : माय, हे बोलायला ठीक आहे. नोकरी तिची जाईल. मीही त्याच शेठकडं आहे. आपल्याला हा तोरा परवडतो का?

मालतीबाई : तुझ्या बापाची दोन बोटं लूमनं घेतली तेव्हा तू पाळण्यात होता. तेव्हाच्या शेठनं कागद आणला. त्यात लिहिलं होतं, मशीन चांगली चालते, कारागिराची काही तक्रार नाही. मशीन चांगलीच चालत होती, खोटं काय होतं त्यात? बोटं तेवढी लिहायची राहिली होती. तुझ्या बापानं धड राहिलेल्या हाताचा अंगठा त्यावर उठवला, आन् मी शेजारी बसून गप्प राहिली. घरात दाणा नव्हता म्हणून. ते मले आजवर पचलं नाही.

धनश्री : हे तू कधी सांगितलं नाहीस.

मालतीबाई : कोणी विचारलं नाही.

धनश्री : मग मी काय करू? दोन वर्षांनी कुठं नोकरी समोर आलीय.

मालतीबाई : ते मी नाही सांगणार, तू जास्त शिकलेली. माझ्यापुरतं सांगते, ऐक. या माळेत नव्या कवड्या ओवायच्या नाहीत. अशाच खडबडीत राहतील. कोणी विचारलं तर म्हणीन, मी नासवल्या. सोमवारी त्या बोर्डावर गोगलगाय असली, तर घटाच्या दिवशी न्हाऊन ये, मी तुझ्या गळ्यात घालीन. नसली तरी तू माझीच नात. नोकरी कर, पगार आण, ताटात पहिली भाकर तुलेच वाढीन. माळ मात्र खुंटीलेच राहील.