लाडवांचा कॅमेरा

मिल्टन कीन्सच्या दवाखान्यात लीलावतीबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या खुर्च्यांवर एक तरुण मराठी जोडपं कुजबुजत होतं, आणि बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“संघर्ष, ईमेल वाच ना नीट.”

“वाचतोय. स्कॉटलंडच्या त्या तोडलेल्या जंगलात आपण लावलेल्या कॅमेऱ्यासमोर तो मुंगसासारखा पाइन मार्टन रोज येतोय. बाकीच्या व्हॉलंटियर्सच्या कॅमेऱ्यांकडे फिरकतही नाही. आमिष काय ठेवलंत, असं प्रकल्पवाले विचारतायत.”

“पीनट बटर. सगळ्यांना तेच दिलं होतं.”

“ते गाडीत राहिलं, रचना. मी आईचे शेंगदाण्याचे लाडू ठेवले.”

“सगळे? अरे, आपण रोज एकेक खातो असं सांगितलंय आईंना.”

“हो ना. आणि ईमेलसोबत आलेला व्हिडिओ मी आनंदाच्या भरात सकाळीच फॅमिली ग्रुपवर टाकला.”

“संघर्ष.”

“लाडू अगदी क्लोजअपमध्ये आहे. वरचा बेदाणासुद्धा दिसतोय.”

“मेले मी. काय म्हणाल्या?”

रिसेप्शनवरून लीलावतीबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आधी विचारलं, हे मांजर कुणाचं. मग म्हणाली, किती वाळलंय बिचारं, पण खातंय बघ कसं मन लावून.”

“आपल्यावर चिडल्या नाहीत?”

“नाही. त्याच्यासाठी एक डबा पाठवतेय आणि आपल्यासाठी एक. फक्त आपल्या डब्याला अट आहे.”

“कसली?”

“तसाच कॅमेरा आपल्या किचनमध्ये लावायचा.”