शेवंताची चांदीची कॉइल

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — तुमची सवय मला ठाऊक आहे, प्रश्न पुरा व्हायच्या आत माना हलतात! आपल्यावर खरी माया कोण करतो? आपण मागू ते हातात ठेवणारा — की आपली वाट अडवून उभा राहणारा?

हे आजोबा म्हणतात, हातात ठेवणारा! अहो, तुम्ही म्हणणारच. शुगर असून खिशात पेढा घेऊन कीर्तनाला येता! राहू द्या, बाहेर काढू नका. गोष्ट ऐका.

हुपरी गाव. चांदीचं गाव! घरोघरी पैंजण घडतात तिथं. त्या गावात शेवंता नावाची एक बाई, आणि गुंडू तिचा नवरा. शेवंताचं काम काय? चांदीची तार लोखंडी सळईवर गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावायचा, मग कापून पैंजणाच्या कड्या पाडायच्या. हात असा बसलेला की शेजारणीशी बोलता बोलता वेढे पडत, आणि एक वेढा दुसऱ्याहून वेगळा काढून दाखवा म्हटलं तर जमायचं नाही!

स्वभाव कसा? सासरी आल्यापासून तोंडातून 'नाही' हा शब्द निघालेला नाही. गुंडूला विडीचं व्यसन. तो विडी तोंडात धरायचा, आणि काडी सापडेपर्यंत ही चुलीतलं जळतं लाकूड पुढं करायची! गल्ली म्हणायची, बायको असावी तर अशी. पुरुषांना अशी बायको फार आवडते, काय? — बायका हसताहेत बघा!

पण गुंडूला खोकला लागला. साधा नव्हे, भिंतीला धरून उभं राहायला लावणारा. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि स्पष्ट सांगितलं, "विडी सोडा, नाहीतर बायकोला सोडून जायची तयारी ठेवा." शेवंतानं ते ऐकलं मात्र, घरी येताच भावाला फोन लावला.

तिचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून वाफेच्या सिगरेटच्या दोन नळ्या आणून दिल्या. आता आपल्याकडे त्यावर बंदी आहे हं मंडळी! ही गोष्ट बंदीच्या आधीची. नाहीतर घरी जाऊन सांगाल, बुवा देवळात बसून जाहिरात करत होते! तर नळीत बॅटरी. वर गुंडाळलेल्या तारेची चिमुकली कॉइल, कॉइलमध्ये कापूस, कापसावर तंबाखूच्या अर्काचे थेंब. बटण दाबलं की कॉइल तापते, अर्काची वाफ होते, ती ओढायची. ते काही तुळशीचं पाणी नव्हे — विष त्यातही होतंच! पण गुंडूची विडी सुटली. खोकला उतरला. शेवंताला रात्रीची झोप लागायला लागली.

आणि एका दुपारी कॉइल जळाली! भाऊ समुद्रात. नवी आणणार कोण? गुंडूचा जीव कासावीस. उठतो, बसतो, दारात जातो. समोरच पानपट्टी!

"शेवंते, एक विडी ओढतो. एकच."

"थांबा ओ! मी करते की कॉइल. तारच गुंडाळायची न्हवं? जन्म त्यात गेला माझा!"

तिनं जळकी कॉइल तळहातावर घेतली. काळी, खरखरीत. ही कसली तार? भेसळीची! घरात शुद्ध चांदी असताना माझ्या नवऱ्याच्या तोंडाशी ही असली तार? तिनं चांदीची तार घेतली — तीसुद्धा जाड, मजबूत राहावी म्हणून! बारीक सळईवर वेढे दिले, नळीत बसवली, कापूस घातला. काय चमकत होती! मंडळी, चुकलं का हो तिचं? देवाला चांदीची वाटी ठेवतो आपण, तिनं नवऱ्याला चांदीची कॉइल केली!

गुंडूनं बटण दाबलं. धूर नाही. पुन्हा दाबलं. नाही. धूर येईना म्हणून गडी दाबूनच बसला! आणि एकदम ओरडला —

"आई गं! पोळलं!"

शेवंतानं पदरानं नळी हिसकावली आणि अंगणातल्या वाळूच्या ढिगावर भिरकावली. फुस्स! धूर, ठिणग्या, जाळ! गल्ली गोळा झाली. गुंडूच्या तळहातावर हा एवढा फोड. जरा उशीर झाला असता तर? विचार करवत नाही!

"झालं समाधान?" गुंडू म्हणाला. "आता विडीच बरी."

"संध्याकाळपातूर थांबा. पाया पडते तुमच्या."

दुसरी नळी आणि ती जळकी कॉइल घेऊन ती निघाली हसनभाईंकडे. हे पंपाच्या जळालेल्या मोटारी आणि हीटर नवी तार गुंडाळून भरून देणारे. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, चांदी विजेला अडवतच न्हाई! ये म्हणती, जा म्हणती. वीज अडली न्हाई तर कॉइल तापणार कशी? ती राहिली थंड, आणि सगळा मार बसला बॅटरीवर. ही तुमची भेसळीची तार हाय न्हवं, ती विजेला अडवती. म्हणून तापती, आणि म्हणूनच बॅटरी शाबूत राहती."

शेवंता स्टुलावर बसून राहिली. कुणी थोबाडीत मारावी तसं झालं तिला. ये म्हणती, जा म्हणती... मी तरी दुसरं काय केलं? विडीला जाळ मीच धरला! बसल्या जागी रडायला लागली. भाईंना वाटलं, नवऱ्याच्या फोडासाठी रडते. ते बिचारे चहा सांगायला उठले!

मग त्यांनी तिला हीटरची बारीक तार दिली, तार विजेला किती अडवते ते दाखवणारा आपला जुना मीटर दिला आणि बजावलं, "आधी मीटर, मग बॅटरी. मीटरचा आकडा कमी आला तर ती कॉइल लावायचीच न्हाई. आणि तारेची टोकं नळीच्या अंगाला टेकू द्यायची न्हाईत."

त्या संध्याकाळी तिनं कॉइल वळली, मीटरवर धरली, मगच नळीत बसवली. बटण दाबलं — वाफ! गुंडू खूश. गोष्ट संपली? संपली असती, पण गुंडूला मित्र होते ना!

थोड्या दिवसांनी स्वारी पानपट्टीवरून आली. "शेवंते, वेढे कमी कर की जरा. लई धूर निघतो म्हणं!"

"नाही."

गुंडूनं मागं वळून बघितलं. हे बोललं कोण? घरात दुसरं कुणी नव्हतं!

"वेढे कमी केले की आकडा उतरतो. मीटर थांब म्हणतो तिथं मी थांबणार," ती म्हणाली.

"मग मी विडी ओढतो!"

"ओढा. पण पेटवायला मी देणार न्हाई. मला तुमी पाहिजे, धूर नको."

गुंडू तणतणत बाहेर पडला. शेवंता सळई घेऊन बसली, पण वेढे वाकडे पडायला लागले. दारातून पानपट्टी दिसत होती. गुंडूनं विडी ओठांत धरली. पानवाल्यानं लायटर पुढं केला. शेवंतानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच तिनं उंबऱ्याशी चपला काढल्याचा आवाज ऐकला.

"तो मीटर कुठाय?" न पेटवलेली विडी उंबऱ्यावर ठेवत गुंडू म्हणाला. "मला बी दाव कसा बघायचा."

पुढं दोघं मिळून कॉइल वळायचे आणि मीटर गुंडू बघायचा. अर्काचे थेंब कमी करत गेला, तेही स्वतः होऊन. मग बंदी आली, अर्क मिळेनासा झाला. शेवंता घाबरली — आता पुन्हा विडी! पण गुंडूनं नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "भिऊ नकोस. आता माझा मी अडवतो मला."

मंडळी! तुमच्या घरात तुम्हाला 'नाही' म्हणणारं माणूस कोण? आठवा चेहरा. त्याच्यावर शेवटचे कधी ओरडलात, तेही आठवा! आणि ज्याला 'नाही' म्हणायची तुमची हिंमत होत नाही, ते माणूस कोण? त्याच्यावर माया आहे म्हणता ना? मग आज घरी जाऊन, जवळ बसून म्हणा की एकदा! रुसेल, तणतणेल, बाहेर जाईल — दार उघडं ठेवा. चला, टाळ उचला. तो चेहरा डोळ्यांपुढे ठेवा, आणि तोंडानं विठ्ठलाचं नाव घ्या!