चाळीस मेंढ्यांची तारीख

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी कल्याणला रांगेत उभी होते. माझ्यापुढे जवळच्या मोहने गावात राहणारी एक बाई आणि गावाहून आलेला तिचा भाऊ होते. त्यांना लेकीच्या लग्नासाठी तिचा जन्मदाखला हवा होता.

“पोपट, सख्खा मामा तू, आणि लग्नाला येत नाही म्हणतोस?”

“अक्का, त्याच दिवसांत माझ्या चाळीस मेंढ्या विणार आहेत.”

“चाळीसच्या चाळीस एकदम? मुहूर्त काढलास की काय त्यांचा?”

“तसंच समज. जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना आत औषधाचे स्पंज बसवले, चौदा दिवसांनी एकदमच काढले आणि इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत सगळ्या माजावर आल्या. आता विणारही बरोबरच.”

“कोणी सांगितलेला हा उद्योग?”

“तुझ्या पोरीसाठीच केला. एरवी एकेक करत दोन महिने वीत बसतात. म्हटलं, आठवड्यात उरकून लग्नाला मोकळं व्हावं. तुम्हीच तारीख अलीकडे आणलीत.”

“हॉल मिळत नव्हता रे.”

“मग मला एक फोन करायचास.”

“केला असता तर थांबल्या असत्या त्या?”

“त्या नसत्या थांबल्या.”

“रसिकाला अंतरपाटापाशी कोण आणणार?”

“दुसरा कोणी मामा बघ.”

“आहे का मला दुसरा भाऊ?”

तिने फोन काढला.

“रसिका, लग्न दहा दिवस पुढे घेऊ. हॉल नसला तर चाळीच्या अंगणात लावू. सासरच्यांना? त्यांना सांग, मामाकडे चाळीस बाळंतपणं आहेत.”