कोसा आणि कोरडी बोटं

आता चेहऱ्याचा विषय काढलाच, तर माझं ऐका. बहिणीच्या लग्नात आपण मांडवात शिरलो की सारे दिवे आपल्याकडेच वळतील, असं मले दिवसाढवळ्या दिसे. मोबाईलवरच्या एका बाईचं ऐकून मी महिनाभर तेल सोडलं, जवसाची चटणी सोडली आणि काकडीवर राहिली. घरच्या मागावर मी बहिणीचीच साडी विणून राहिली होती. मधाच्या रंगाचं ते कोसा रेशीम उन्हात चमके आणि मले त्यात माझाच चेहरा दिसे. नवरा म्हणे, "चांदावानी दिसून राहिली तू."

एका दुपारी धागा तुटला. जोडायले गेली, तर तो खरखरीत बोटात अडकून पिंजला. दुसराही तसाच. साडी बिघडते का काय, म्हणून जीव घाबरला.

सासूनं माझी बोटं चाचपली. "काय खाऊन राहिली तू?"

"काकडी. चेहऱ्यासाठी."

तिनं भात वाढला, वर जवसाची चटणी घातली आणि तेलाची धार सोडली.

"पण हे तर म्हणतेत, मी चांदावानी दिसून राहिली."

"माझा पोरगा खोटं बोलते," सासू म्हणाली. "धागा नाही बोलत."